आभासी खेळांचे केंद्र निवडताना

प्रश्न : चिपळूणहून आम्ही बारा जण, त्यांत दोन शाळकरी मुले, मुंबईला व्हीआर गेम (डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचे आभासी खेळ) खेळायला जाणार आहोत. एका केंद्रात मोकळ्या जागेत चालत खेळतात, दुसऱ्यात खुर्चीवर बसून. दुसरे स्वस्त आहे. कोणते निवडावे?

उत्तर : दरापेक्षा एका वेळी किती हेडसेट मिळतात हे आधी विचारावे, कारण चारच असतील तर आठ जण बाकावर ताटकळतील. गटाला चालत खेळणे अधिक रंगते. स्थिर खुर्चीवर मात्र डोळ्यांना वेग दिसतो आणि आतल्या कानाला तो जाणवत नाही, या विसंगतीमुळे मळमळते. परशुराम घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी तर शर्यतीचे खेळ टाळावेतच. मुलांचे वय आधीच कळवावे; मेटा कंपनीचा क्वेस्ट हेडसेट १० वर्षांखालील मुलांसाठी नाही.