फ्लश करतानाच भपका येतो? मग औषधं राहू द्या, आधी व्हेंट बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ट्रॅव्हलर मिनीबसची कॅराव्हॅन करून घेतली, खाली ८० लिटरची प्लास्टिकची मैल्याची टाकी. तारकर्लीहून परत आल्यापासून फ्लशचं पेडल दाबलं की भपका येतो, एरवी फारसं जाणवत नाही. फिनाइल झालं, हार्पिक झालं, डांबरगोळ्या झाल्या, आता कापूर चालू आहे. आणि ज्यांनी गाडी बांधली ते म्हणतात, "गाडीत संडास म्हटल्यावर एवढा वास येणारच."

हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत आम्हालाही ऐकवलं गेलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. अजिबात येणार नाही. नीट बांधलेल्या टाकीचा वास मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा आत येत नाही, तो छतावरून निघून जातो. तुमच्याकडे सध्या आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी चाललंय.

आधीच सांगतो, मी प्लंबर नाही, केमिस्ट तर नाहीच, आणि तुमची गाडी पाहिलेली नाही. पण "फक्त फ्लश करताना" आणि "लांबच्या प्रवासानंतर" ही दोन लक्षणं एकत्र असली की माझा पहिला संशय व्हेंट पाइपवर. टाकीत गॅस सतत तयार होत असतो. त्याला वर जायला टाकीच्या माथ्यापासून छतापर्यंत एक पाइप असतो. या पाइपचं खालचं तोंड टाकीच्या माथ्याशी संपलं पाहिजे, फार तर दोनेक सेंटिमीटर आत. आमच्या वर्कशॉपने तो नुसता भोकातून आत ढकलला होता. खाली पाइप अडवणारी कॉलर नाही, टँक निपल (टाकीच्या भोकात आवळून बसवायचा जोड) नाही, वर छताशी सिलिकॉनचा एक थर, बस्स. खड्डे आणि घाट लागले की हादऱ्यांनी सिलिकॉन सुटतं आणि पाइप आपल्याच वजनाने खाली सरकतो. टाकी अर्धी भरली की त्याचं तोंड पाण्याखाली. आता गॅसला वाट उरली एकच, कमोडची. कमोडच्या तळाची फ्लशची पाती उघडली रे उघडली की दाबलेला गॅस तुमच्या तोंडावर. रिकाम्या टाकीत हा दोष दिसतच नाही, म्हणून वर्कशॉपवाले गाडी धुऊनपुसून परत देतात आणि म्हणतात, बघा, कुठे आहे वास? या एका पाइपपायी आमचे कमोडचं सील, फ्लशची पाती आणि अर्धी फरशी असा फुकटचा खर्च झाला. सगळं बदललं, पाइप तेवढा कोणी बघितला नाही.

तपासायचं कसं? टाकी रिकामी करून धुऊन घ्या, गाडी सपाट जागी उभी करा. ३ मिलिमीटरची जाड जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार घ्या, तिचं टोक दीड सेंटिमीटर काटकोनात वाकवून आकडा करा. छतावरची टोपी काढून तार पाइपात सोडा, आकडा पाइपच्या भिंतीला घासत खाली न्या. पाइप संपला की आकडा बाहेर सटकतो, आणि तार हळूच वर ओढली की पाइपच्या कडेला अडकतो, हाताला लगेच कळतं. पाइपच्या वरच्या तोंडाशी तारेवर मार्करने खूण करा. खूण ते आकडा ही पाइपची खरी लांबी. आता ओळंबा सोडून पाइपचं वरचं तोंड जमिनीपासून किती उंच आणि टाकीचा माथा किती उंच, ते मोजा. समजा तोंड २७० सेंटिमीटरवर आणि माथा ५५ वर आहे. म्हणजे पाइप २१५, फार तर २१७ हवा. तार २२८ दाखवत असेल तर पाइप १३ सेंटिमीटर आत घुसलाय. २५ सेंटिमीटर खोल टाकीत तो निम्म्यालाच बुडणार. पाइपला एल्बो (वळणाचे जोड) असतील तर तार जाणार नाही. मग कमोडच्या भोकातून टॉर्च आणि छोटा आरसा घालून बघा. हे करताना काडी, लायटर, उदबत्ती काही नको. या गॅसमध्ये मिथेन असतो.

दुरुस्तीत बहुतेक जण घोळ घालतात. टाकी पॉलिथिलीनची असेल तर पीव्हीसी पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट तिला धरत नाही, आणि एमसील वरवर धरलं तरी हादऱ्यांनी सुटतं. आत हात जात असेल तर ४० मिलिमीटरचा टँक निपल दोन्ही बाजूंनी रबर वॉशर लावून बसवा. हात जात नसेल तर पाइप वर ओढा, जास्तीचा तुकडा कापा आणि टाकीच्या माथ्याला टेकेल अशा बेताने पाइपवर बाहेरून एक कपलर (पाइप जोडायचा तुकडा) चिकटवा. पीव्हीसीवर पीव्हीसी, त्यामुळे सिमेंट पक्कं धरतं. कपलर माथ्यावर टेकला की पाइप खाली जाऊच शकत नाही. भोकाच्या कडेला रबर ग्रोमेट (फट बुजवणारी रिंग), आणि वर बॉडीला क्लॅम्प. नुसत्या सिलिकॉनवर पुन्हा भरवसा ठेवू नका.

वरचं टोक बघायला चढलाच आहात तर जाळीही बघा. कुंभारीण माशी पाइपात मातीचं घर करते, आणि पावसाळ्यात झाडाखाली उभ्या गाडीच्या जाळीवर ओला पाला बसतो. काही महाभाग पाइप छतापर्यंत नेतच नाहीत, चॅसिसखाली सोडून देतात. तुमचा तसा निघाला तर भांडा आणि पैसे परत मागा. पाइप आडवा नेलेला असेल तर तिथे झोळ पडून पाणी साचतं आणि हवा अडते. सतत वरच्या दिशेने चढ हवा.

छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून फ्लश करत असाल तर आधी तो बंद करा. व्हेंट ठीक असला तरी पंखा टाकीतली हवा कमोडमधून वर खेचतो. गाडी चालू असताना फक्त मागच्या काचा उघड्या ठेवल्या तरी कधीकधी हेच होतं.

कमोडमध्ये ठेवलेलं दोन-तीन सेंटिमीटर पाणी रात्रीतून उतरत असेल तर पातीचं सील गेलंय किंवा सुकलंय. त्याला सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल नको, व्हॅसलीन तर नकोच, रबर फुगतं.

आता औषधांकडे. तुम्ही टाकीत जे ओतलंय ते वाचून खरं तर काळजी वाटली. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. टाकीतल्या काळ्या गाळात सल्फाइडं असतात, त्यावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस, आणखी सुटतो. म्हणजे वास मारायला ओतलेलं औषधच वास बाहेर काढतं. शिवाय कोणाची टाकी स्टीलची असेल तर क्लोराइडने तिला बारीक भोकं पडतात. ब्लीच त्यात कधीही मिसळू नका. ॲसिडबरोबर क्लोरिन, लघवीतल्या अमोनियाबरोबर क्लोरामाइन, दोन्ही छातीला वाईट. आणि वास अचानक गेला म्हणून खूश होऊ नका. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेला की नाकच बधिर होतं, गॅस मात्र तिथेच असतो. टाकी रिकामी करताना वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभं राहायचं, वाकून आत डोकावायचं नाही.

हवा खेळती असूनही वास राहिला तर माझं मत (वाद घाला, हरकत नाही): फिनाइल आणि फॉर्मल्डिहाइडवाली निळी औषधं सगळेच जीवाणू मारतात, चांगलेही. ज्या रिसॉर्टच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये) तुम्ही टाकी ओतणार, तिथलेही. त्यापेक्षा कॅल्शियम नायट्रेट. खतांच्या दुकानात सहज मिळतं, द्राक्ष-डाळिंबवाले वापरतात तेच. नायट्रेट मिळालं की जीवाणू श्वसनासाठी ते आधी वापरतात, सल्फेटकडे वळत नाहीत, आणि सडक्या अंड्यांचा वास तयारच होत नाही. ८० लिटरला अंदाजे ५०-६० ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवून. मुंबईच्या उकाड्यात ते लवकर संपतं, दोन दिवसांनी निम्मं पुन्हा टाका. बरणी घट्ट बंद ठेवा, पाणी ओढतं. ऑक्सिडायझर आहे, तेव्हा तुमच्या त्या कापराच्या डबीशेजारी नको. बायोकल्चरची (मैला कुजवणाऱ्या जीवाणूंची) पुडीही चालते, पण फिनाइलवर टाकलीत तर पैसे पाण्यात. आधी टाकी दोनदा नुसत्या पाण्याने धुवा. मग पाऊण टाकी पाण्यात वाटीभर धुण्याचा सोडा घालून एक चक्कर मारा, स्पीडब्रेकर आपलं काम करतात. कोणाची टाकी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको.

परदेशी सल्ल्यांत टिश्यू पेपर आणि टाकी घासून निघावी म्हणून तिच्यात टाकायचे बर्फाचे खडे यावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे जेट स्प्रे असल्यामुळे कागदाचा ढीग साचत नाही, उलट टाकी पाण्याने लवकर भरते. मग लोक पाणी वाचवायला जातात आणि गाळ घट्ट होतो. पाण्यात कंजूषी नको. रिकामी केल्यावर १०-१२ लिटर पाणी घालूनच वापर सुरू करा, टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि मैला तळाला सुकतो. वेट वाइप्स टाकीत नकोत, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

वास सिंककडून येत असेल तर ही सगळी मेहनत चुकीच्या टाकीवर होईल. बोंबील धुतलेलं पाणी, वाटणाच्या खरकट्या कढईचा तेलकटपणा दोन दिवस सिंकच्या सांडपाण्याच्या वेगळ्या बंद टाकीत राहिला तर संडासाची टाकी परवडली. ताट-कढई आधी कागदाने पुसा, मासे बाहेर धुवा. घाटातल्या वळणांत नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालचं, वास अडवणारं) पाणी हेलकावून निघून जातं. मुक्कामी पोहोचल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

रिकामी कुठे करायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. मुंबईत मात्र ही टाकी अधिकृतपणे कुठे ओतायची, हे एका कार्यालयात विचारायला गेलो तर पहिल्या टेबलाने घनकचऱ्याकडे पाठवलं, घनकचऱ्याने मलनिःसारणाकडे, आणि तिथे गाडीचा नंबर लिहून घेऊन "अर्ज करा" सांगितलं. अर्ज कशाचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. असो. रस्त्याकडेच्या जाळीच्या गटारात ओतू नका. ती पावसाच्या पाण्याची असतात, मलवाहिन्या वेगळ्या. तिथे ओतलेलं प्रक्रियेविना नाल्यात आणि खाडीत जातं. मॅनहोलचं झाकण तर स्वतः उघडायचंच नाही, दुसऱ्याला पैसे देऊनही नाही. जमण्यासारखं एवढंच: सोसायटीची लेखी परवानगी घेऊन मॅसरेटर पंपाने (मैला बारीक करून ढकलणाऱ्या) इमारतीच्या ड्रेनेज चेंबरमध्ये, किंवा सक्शनची गाडी बोलावून (८० लिटरलाही पूर्ण फेरीचे पैसे घेतात, घासाघीस करा), नाहीतर रिसॉर्ट बुक करतानाच टाकी रिकामी करायची सोय आहे का ते विचारून. "पार्किंग आहे" या उत्तरावर समाधान मानू नका.

तूर्त तारेने मोजलेली पाइपची लांबी, पाइपच्या तोंडाची आणि टाकीच्या माथ्याची उंची आणि टाकीची खोली इथे लिहा. व्हेंटला एल्बो किती आहेत तेही लिहा. हे कळल्याशिवाय कोणी पाती, सील किंवा अख्खं कमोड बदलायला सांगितलं तर पैसे सोडू नका.