तेलात ९ कॅलरी आणि साखरेत ४ च असं का? वजन उतरवायचं तर शेंगाचटणी बंद करू का भाकरी?

दोन प्रश्न एकत्र विचारलेत तुम्ही, पहिला म्हणजे ग्रॅममागे तेलाला ९ आणि साखरेला, प्रोटीनला ४-४ हा भेदभाव कशामुळे, आणि दुसरा ताटातला. मी सोलापूरचा, घरची शेंगाचटणी पाकिटात भरून विकतो, लेबलसाठी हे आकडे काढून घ्यावे लागतात म्हणून थोडंफार माहितीय.

आधी ते ९ आणि ४. अन्नातून ऊर्जा मिळते म्हणजे त्यातल्या कार्बन-हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होतो, जळणच ते, फक्त शरीरात हळूहळू चालतं. आता साखरेच्या वजनात निम्म्याहून जरा जास्त ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूडच समजा, चुलीत घातलं तर उरलेलंच जळणार ना. तेलात ऑक्सिजन जेमतेम ११-१२ टक्के, बाकी सगळं जळायला शिल्लक. म्हणून दुपटीपेक्षा जास्त ऊर्जा. आणि तूप, शेंगतेल, करडई, ऑलिव्ह ऑइल, सगळी ९ च्याच आसपास बरं का, महागड्या बाटलीतलं तेल कॅलरीला हलकं वगैरे काही नसतं.

प्रोटीनची गंमत वेगळी आहे. यंत्रात घालून पूर्ण जाळलं तर ग्रॅमला साडेपाचच्या वर कॅलरी निघतात, पण आपलं शरीर ते पूर्ण जाळतच नाही, त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो आणि जाताना थोडी ऊर्जा घेऊन जातो, पचनातही थोडं वाया जातं, राहतात ४. हा सगळा हिशोब १९ व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने मांडला, माणसांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजायचा तो! शिवाय प्रोटीन पचवायलाच त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, तेलाला जवळपास काहीच नाही, आणि हा खर्च लेबलवरच्या आकड्यातून वजा केलेला नसतो. दारूला ७, फायबरला साधारण २ (तेही आतड्यातल्या जिवाणूंच्या कृपेने), पाणी आणि मीठ शून्य.

लोकांना वाटतं लॅबवाले चटणी जाळून कॅलरी मोजतात. तसं नसतं, ते प्रोटीन, फॅट, ओलावा, राख (म्हणजे त्यातले क्षार) हे मोजतात, उरलेलं कार्बोहायड्रेट धरतात आणि मग ४-९-४ ने गुणून बेरीज, एवढंच. म्हणजे लेबलवरचा आकडा हा चांगला अंदाज असतो, देववाणी नाही.

आता ताटाकडे या, कारण खरा घोळ इथे होतो, लोक ग्रॅममागचा आकडा पाठ करतात आणि पाणी विसरतात. आपली कडक भाकरी घ्या, १०० ग्रॅमला कॅलरी बघितल्या तर मऊ भाकरीपेक्षा बऱ्याच जास्त दिसतील, आणि लगेच कुणीतरी म्हणणार की कडक भाकरीने वजन वाढतं. अहो, पीठ तेच, ज्वारी तीच, फक्त पाणी उडालंय! ५० ग्रॅम पिठाची भाकरी मऊ खा नाहीतर कडक, १७० च्या आसपासच. कडक भाकरी चुरून आमटीत बुडवली की ते पाणी परत आलंच. त्यामुळे १०० ग्रॅमची तुलना करायची तर कोरड्याची कोरड्याशी करा, नाहीतर सरळ नगावर मोजा.

शेंगदाण्याला सगळे प्रोटीन प्रोटीन करतात. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास असतं हे खरं, म्हणजे १०० कॅलरी, पण फॅट ४८-४९ ग्रॅम, त्याच्या झाल्या ४३० च्या वर. जवळपास तीन चतुर्थांश ऊर्जा तेलाचीच. उखळात कुटताना तेल सुटतं ते काय उगीच? तसंच अख्खे दाणे चावून खाल्ले तर थोडं तेल न पचता तसंच बाहेर जातं, बारीक कुटलं की जास्त पचतं, तेव्हा दाणे आणि चटणी हेसुद्धा अगदी बरोबरीचं नाही.

तर तुमचं उत्तर, दोन्ही बंद करू नका. चमचाभर म्हणजे १० ग्रॅम चटणी ५५ च्या आसपास होते, त्याने काही बिघडत नाही. पण त्यावर जे तेल ओततो ना आपण, ते छोटा चमचा ५ ग्रॅमचा धरला तरी ४५, आणि ओतताना एक चमचा कुणी मोजतं का, धार धरतात सरळ. तेल सोडा, दही घ्या चटणीवर, चवीलाही मला तेच आवडतं. आणि हो, काही पाकिटांवर किलोज्यूल लिहिलेलं असतं, आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, ४.१८ ने भागा की कॅलरी निघाली.