वाचकांचे प्रश्न : हाडं वाचायला शिकायचंय, तर फाउंडेशन इयर कशासाठी?

सांगाड्यावरून, जळालेल्या किंवा विखुरलेल्या अवशेषांवरून माणूस कोण होता हे शोधणारं शास्त्र म्हणजे फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी. ब्रिटनमधली या विषयाची पदवी आणि तिच्या आधी काहींना लागणारं तयारीचं वर्ष, म्हणजे 'फाउंडेशन इयर', यांबद्दलच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

मुलाला बारावी विज्ञानात 54 टक्के आहेत. एजंट म्हणतो, 'फाउंडेशन घ्या, पुढची सीट पक्की.' पैसे भरावेत का? (लातूर)

आधी एजंटला विचारा, कोणतं फाउंडेशन? एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिल्या प्रकारात फाउंडेशन हा विद्यापीठाच्या पदवीचाच भाग असतो. अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश एकदाच. पहिलं वर्ष, ज्याला तिथे 'इयर झीरो' म्हणतात, ठरलेल्या गुणांनी पार केलं की पुढची तीन वर्षं त्याच विद्यापीठात. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाची फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजीची पदवी अशी फाउंडेशनसह मिळते. दुसऱ्या प्रकारात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं वेगळं कॉलेज असतं. ते बऱ्याचदा विद्यापीठाच्या आवारातच असतं, पण चालवते खासगी कंपनी. तिथे वर्षभर शिकायचं, अमुक गुण आणि इंग्रजीची अमुक पातळी गाठायची, मग विद्यापीठाचं दार उघडतं. म्हणजे 'पक्की' या शब्दामागे तीन-चार अटी उभ्या असतात.

खरा घोळ पुढेच आहे. त्या कॉलेजातून कोणकोणत्या पदव्यांना जाता येतं याची यादी असते, आणि तिच्यात अनेकदा 'फॉरेन्सिक सायन्स' असतं, अँथ्रोपॉलॉजी नसते. एजंटला दोन्ही सारखंच. प्रत्यक्षात फॉरेन्सिक सायन्समध्ये रसायनशास्त्र, डीएनए, बोटांचे ठसे, घटनास्थळावरचा पुरावा यांवर भर असतो. हाडांच्या वाट्याला एखादा विषय आला तर आला. मुलाला हाडंच शिकायची असतील तर पदवीचं पूर्ण नाव, तिला लागणारे एकूण गुण आणि जीवशास्त्रात वेगळे लागणारे गुण हे सगळं विद्यापीठाच्या ई-मेलवरून लेखी मागवा. एजंटचं व्हॉट्सॲप लेखी धरू नका.

आणखी एक खाच : काही विद्यापीठं पदवीला जोडलेलं फाउंडेशन स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना देतच नाहीत. माहितीपानावर ते एका ओळीत लिहिलेलं असतं आणि नेमकी तीच ओळ वाचायची राहते.

व्हिसातही फरक पडतो. पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या स्वतंत्र फाउंडेशनवर सत्र चालू असताना आठवड्याला 10 तास काम करता येतं, पदवीवर 20. 'पार्टटाइम करून खर्च निघेल' हा हिशेब तिथेच कोलमडतो. स्वतंत्र फाउंडेशनला ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेलीच इंग्रजी परीक्षा लागते, उदाहरणार्थ आयईएलटीएसची 'यूकेव्हीआय' आवृत्ती. साधी आयईएलटीएस देऊन बसलात तर पुन्हा फी भरा. पदवीला विद्यापीठ इंग्रजी स्वतः तपासू शकतं. बारावीचे इंग्रजीचे गुण काही ठिकाणी चालतात, पण राज्य मंडळाचे चालतात का हे वेगळं विचारावं लागतं.

फीशिवाय राहण्या-खाण्याची रक्कमही दाखवावी लागते. नोव्हेंबर 2025 पासूनच्या दराने ती लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांची, म्हणजे 10,539 पौंड; लंडनमध्ये 13,761. ही रक्कम खात्यात सलग 28 दिवस हवी. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तर मोजणी नव्याने. अर्ज नाकारले जाण्याचं हे अगदी साधं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तो सगळ्या वर्षांचा एकरकमी आधीच भरायचा. चार वर्षांचे 3,104, आणि अभ्यासक्रमानंतर व्हिसाचे जे वरचे महिने मिळतात त्यांचे वेगळे.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न मात्र टाळू नका : फाउंडेशन लागतंच का? बारावीवर थेट पहिल्या वर्षाला घेणारी विद्यापीठं बरीच आहेत. 54 टक्क्यांना ती कठीण आहेत. 65-70 असते तर आधी तिथेच विचारा म्हटलं असतं. स्कॉटलंडमध्ये पदवीच चार वर्षांची असते. डंडी विद्यापीठाची फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी त्यातलीच. तिच्या आधी फाउंडेशन लावलं की पाच वर्षं झाली.

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. मुलगी 20 वर्षांची आहे. ए-लेव्हलला (तिथल्या बारावीला) इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र होतं. आता तिला फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी करायची आहे. विज्ञान नाही, तर काय?

फाउंडेशन इयर खरं तर अशांसाठीच निघालं. पण आधी तिला 'होम', म्हणजे तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांची फी लागू होते का ते बघा. कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सलग तीन वर्षांचं वास्तव्य, या सर्वसाधारण अटी. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल आणि मुलगी तुमची डिपेंडंट असेल, तर काही वर्षं तिथल्या शाळेत शिकलेली असली तरी साधारणपणे परदेशी विद्यार्थ्यांचीच फी लागते. बऱ्याच मराठी घरांना हे अर्ज भरल्यावर कळतं.

होम विद्यार्थ्यांना इंग्लंडमध्ये 2025-26 साठी फीची कमाल मर्यादा 9,535 पौंड होती. वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशनला ती 5,760 वर आणली आहे. प्रयोगशाळेच्या विषयांना जुनीच लागू राहते. फाउंडेशन पदवीचा भाग असेल तर त्या वर्षालाही स्टुडंट फायनान्सचं, म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्ज मिळतं. सुटं असेल तर सहसा नाही.

तिच्या वयाला दुसरी वाट आहे आणि आमच्या मते ती आधी पाहावी : स्थानिक कॉलेजातला 'ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा'. एक वर्ष, 60 क्रेडिट, त्यातल्या 45 ना श्रेणी. एकोणिसाव्या वर्षानंतर त्याला ॲडव्हान्स्ड लर्नर लोन मिळतं आणि पुढे पदवी पूर्ण केली की त्या कर्जाची उरलेली रक्कम माफ होते. शिवाय एका विद्यापीठाला बांधून राहावं लागत नाही. फक्त विज्ञानाचा डिप्लोमा निवडा आणि जीवशास्त्राचे किती क्रेडिट हवेत ते विद्यापीठाला आधी विचारून घ्या. 'सोशल सायन्स'चा ॲक्सेस घेतला तर पुन्हा जिथल्या तिथे.

अर्ज यूकॅसवर, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठ-प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेवर, जास्तीत जास्त पाच पर्याय. 2026 च्या प्रवेशापासून स्वतःबद्दलचा निबंध गेला. आता तीन प्रश्नांची उत्तरं, मिळून 4,000 अक्षरं, प्रत्येकी किमान 350. 'लहानपणापासून मला गुन्ह्यांच्या मालिका आवडतात' या वाक्याने सुरुवात करू नये. परीक्षकाने ते शेकडो वेळा वाचलेलं असतं.

बारावी कॉमर्स आहे. फाउंडेशनमध्ये नेमकं काय शिकवतात आणि मुलं नापास कशात होतात? (नाशिक)

हाडं फारशी नाहीत, हे आधी ऐकून ठेवा. पेशी, शरीररचना, थोडी अनुवंशिकता, मूलभूत रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, प्रयोगशाळेत काम करण्याची शिस्त आणि विद्यापीठीय लेखन. वर्ष 120 क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे 10 तासांचं काम असं धरतात. म्हणजे 20 क्रेडिटच्या विषयामागे 200 तास. त्यातले वर्गातले तास थोडे, बाकी अभ्यास तुमचा तुम्ही करायचा. वेळापत्रकात मोकळे दिवस दिसतात, ते सुटीचे नसतात.

फाउंडेशनचे गुण पदवीच्या श्रेणीत धरले जात नाहीत. म्हणून मुलं सैल सोडतात आणि तिथेच फसतात. उत्तीर्ण होण्याला 40 पुरत असले तरी पुढे सरकायला काही ठिकाणी त्याहून जास्त लागतात. फेरपरीक्षेचे गुण बहुधा 40 वरच अडवले जातात. मग कितीही चांगला पेपर लिहा.

कॉमर्सवाल्यांना जीवशास्त्र पाठांतराने जमतं. अडतं ते रसायनशास्त्रातल्या मोल आणि द्रावणाच्या तीव्रतेच्या गणितांत. जाण्याआधी अकरावीच्या रसायनशास्त्राची पहिली काही प्रकरणं आणि लघुगणक करून जा. उलट संख्याशास्त्रात तुम्ही पुढे असाल. सरासरी, प्रमाणित विचलन तुमच्या ओळखीचं आहे आणि पुढे तेच सगळ्यात जास्त लागतं.

दुसरं म्हणजे प्रयोगाचा अहवाल. आपल्याकडे जर्नल उतरवून काढायची सवय असते. तिथे दोघांचे अहवाल सारखे निघाले की तो गैरप्रकार ठरतो, ज्याने दिला त्याचाही. आणि हजेरी : व्हिसावरचा विद्यार्थी सतत गैरहजर राहिला तर विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावं लागतं.

हाडावरून उंची काढतात म्हणजे काय करतात? ते किती खरं असतं? (कोल्हापूर)

उंची ही शेवटाकडची पायरी आहे. आधी हाड आहे की दगड-लाकूड, मग माणसाचं की जनावराचं, मग कोणतं, डावं की उजवं, मग किमान किती माणसांची हाडं आहेत. दोन उजव्या मांड्यांची हाडं सापडली तर किमान दोन माणसं. त्यानंतर लिंग, वय आणि मग उंची, कारण उंचीचं सूत्र लिंगाप्रमाणे बदलतं.

लिंगासाठी पहिला मान श्रोणीचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा. पुढच्या जघनास्थीवरच्या तीन खुणा पाहण्याची फेनिस यांची 1969 ची पद्धत अजून पहिल्यांदा शिकवतात. कवटी त्याखालोखाल. वयात न आलेल्या मुलाच्या हाडांवरून लिंग खात्रीने सांगता येत नाही. त्याचं वय मात्र दातांवरून बरंच नेमकं निघतं. प्रौढात उलटं. जघनास्थीच्या सांध्यावरून वय सांगणाऱ्या, सूची आणि ब्रूक्स या संशोधकांच्या पद्धतीत सहा टप्पे आहेत. पुरुषांच्या चौथ्या टप्प्याची सरासरी 35 वर्षं, पण व्याप्ती 23 ते 57. अहवालात व्याप्ती लिहायची असते, सरासरी नव्हे. नवीन मुलं '35 वर्षांचा पुरुष' लिहून मोकळी होतात आणि पोलिस 50 वर्षांच्या बेपत्ता माणसाची फाइल बाजूला ठेवतात.

आता उंची. मांडीचं हाड ऑस्टिओमेट्रिक बोर्डवर, म्हणजे हाडं मोजायच्या फळीवर ठेवून त्याची कमाल लांबी मोजतात. समजा 45.0 सेंमी आली. ट्रॉटर आणि ग्लेसर यांचं अमेरिकी गोऱ्या पुरुषांसाठीचं सूत्र : लांबी गुणिले 2.38, अधिक 61.41. उत्तर 168.5 सेंमी, प्रमाणित त्रुटी 3.27. म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश माणसं 165.2 ते 171.8 मध्ये बसतील. 95 टक्क्यांची खात्री हवी तर 162 ते 175 म्हणावं लागेल.

चूक कुठे होते? हाड बोर्डवर तिरपं ठेवून कमाल लांबी घेण्याऐवजी गुडघ्याकडचे दोन्ही उंचवटे टेकवून मोजलं तर लांबी काही मिलिमीटरने कमी येते. 5 मिलिमीटरची चूक उंचीत 1.2 सेंमी होते. नडगीच्या हाडाची गोष्ट तर प्रसिद्ध आहे. ट्रॉटर यांनी मोजताना घोट्याकडचा टोकाचा उंचवटा धरलाच नव्हता, व्याख्येत मात्र तो होता. 1995 मध्ये जँट्झ आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. व्याख्येप्रमाणे मोजून जुनं सूत्र लावलं की उंची अडीच-तीन सेंमी जास्त येते. आणि अमेरिकी सूत्र मराठवाड्यातल्या सांगाड्याला जसंच्या तसं लावणं ही तर परीक्षेत गुण घालवण्याची खात्रीची पद्धत.

प्रेतं हाताळावी लागतील का? मला त्याची भीती वाटते. (पणजी)

फाउंडेशनमध्ये नाही. पुढे बहुतांश काम कोरड्या हाडांवर आणि प्लास्टिकच्या प्रतिकृतींवर असतं. डंडीसारख्या ठिकाणी देहदान केलेल्या शरीरांवर शरीररचना शिकवतात. इंग्लंडमध्ये याला 2004 चा ह्यूमन टिश्यू कायदा लागू आहे. प्रयोगशाळेत मोबाइल बाहेर काढला तरी कारवाई होते.

एक गोष्ट भारतीय विद्यार्थ्याने माहीत असून आत जावं. शिकवण्याच्या टेबलावरचा जुना खरा सांगाडा आपल्याकडचा असण्याची शक्यता मोठी आहे. 1985 मध्ये भारताने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घालेपर्यंत जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे मुख्यतः कोलकात्याहून जात. त्या माणसांची संमती कोणी घेतली होती, हा प्रश्न आता तिथल्या वर्गांतही विचारला जातो.

इथे बी.एस्सी. करून तिकडे एम.एस्सी. केली तर? आणि नोकरी? (पुणे)

बारावीला चांगले गुण असतील तर आमचं मत याच बाजूने आहे. मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत किंवा राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या गोव्यासह इतर केंद्रांत फॉरेन्सिक, किंवा कुठेही प्राणिशास्त्र किंवा मानवशास्त्र. मग ब्रिटनमध्ये एक वर्षाची एम.एस्सी. परदेशी फीची चार वर्षं आणि एक वर्ष यांत तुलनाच नाही. पुण्यातच डेक्कन कॉलेजात इनामगावसारख्या उत्खननांतल्या मानवी सांगाड्यांवर मोठं काम झालं आहे. प्राचीन हाडांची गोडी लागली तर तो रस्ता घरापासून जवळ.

नोकरीचं स्पष्ट बोलायचं तर ब्रिटनमध्ये पूर्णवेळ फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्ट थोडेच. बरेच जण विद्यापीठात शिकवतात आणि पोलिसांनी बोलावलं की जातात. काही उत्खनन कंपन्यांत हाडांचे तज्ज्ञ असतात. साक्ष द्यायची तर रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या तीन पातळ्यांच्या प्रमाणपत्रांत वरची 'एफए-1' गाठायला अनेक वर्षांचं प्रकरणांवरचं काम लागतं. पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळेल. भारतात, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मुळे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं आलं. पण सापडलेली हाडं तपासायला बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडेच जातात. इथे तेच काम करायचं असेल तर एमबीबीएस आणि मग एमडी हा मार्ग जास्त भक्कम.

जाण्याआधी घरी काय सराव करू? सांगाडा विकत घेऊ का? (चिपळूण)

खरा घेऊ नका. पूर्ण आकाराचा प्लास्टिकचा मिळतो, तो पुरे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे खाटकाकडून बोकडाच्या पुढच्या पायाची न तोडलेली हाडं आणणं. मंद आचेवर, थोडी कपड्याची पावडर घालून तास-दोन तास ठेवा. खळखळून उकळलं तर चरबी हाडात मुरते आणि पुढे महिनोन् महिने पिवळी पाझरते. ब्लीच वापरू नका, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल. वाळल्यावर बघा : खुराच्या वरच्या नळीत दोन हाडं जुळून एक झालेली असतात आणि जोडाची खाच समोरून दिसते. माणसाच्या तळहातात तीच हाडं पाच वेगळी असतात. कोवळ्या बोकडाच्या नळीचं टोक शिजवताना सुटून आलं तर फेकू नका; वाढीचं टोक अजून जुळलेलं नव्हतं, त्याची ती खूण. वय ठरवण्याचा पहिला धडा तिथेच आहे.