सहल परवडते, पॉलिसी परवडत नाही

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: ‘वय ५७. खासगी कारखान्यात नोकरी, येत्या मे महिन्यात निवृत्त होतोय. सौ. ५४ वर्षांची, तिला मधुमेह आहे. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा पुण्यात कमावता. पीएफचे ३८ आणि ग्रॅच्युइटीचे १४ लाख मिळतील, १६ लाखांच्या एफडी आहेत. महिन्याचा खर्च ४५ हजार. दोघांना बारा दिवसांची युरोप सहल करायची आहे, माणशी साडेतीन लाख. एफडी मोडू, की सहल कंपनीचे नो कॉस्ट हप्ते घेऊ? मागच्या महिन्यात बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून वर्षाला पाच लाखांची गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली आहे. त्यातून पुढे दर वर्षी एक परदेशवारी होईल असं त्या म्हणाल्या. पॉलिसीचे कागद तीन आठवड्यांपूर्वी पोस्टाने आले.’

सहलीचं नंतर बघू. या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. तुमचे जेमतेम नऊ दिवस उरले होते, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी फोन करून तुम्हाला अर्ज द्यायला सांगितलं. असा अर्ज विमा कंपनीच्या नावाने लेखी द्यायचा, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. पोच म्हणून शिक्का-तारीख घ्यायची आणि तोच अर्ज कंपनीला ईमेलनेही पाठवायचा. बँकेत मॅडमना तोंडी सांगून काही होत नाही. ‘मी बघते, पुढच्या आठवड्यात या’ असं म्हणत मुदत टळू दिलेली मी बघितली आहे. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते.

का परत करायची, ते आता सविस्तर. तुम्ही पॉलिसीतल्या लाभांच्या तक्त्याचा फोटो पाठवलात. त्यात सगळ्यात खालच्या एक कोटीच्या आकड्याभोवती निळ्या बॉलपेनने गोल केलेला आहे. त्याच तक्त्यात डावीकडे वयाचा रकाना आहे, तिथे कुणीच पेन टेकवलेलं नाही. तुम्ही दहा वर्षं पाच-पाच लाख भरणार, म्हणजे ५० लाख. मग बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून वीस वर्षं दर वर्षी पाच लाख मिळणार. पहिला हप्ता मिळेल तेव्हा तुम्ही ६९ वर्षांचे असाल आणि शेवटचा मिळेल तेव्हा ८८. दामदुप्पट वाटतं, पण परतावा काढला तर तो साडेचार टक्केही भरत नाही. साध्या एफडीत याहून जास्त मिळतं.

‘पण करमुक्त आहे ना?’ आहे. वर्षाचा हप्ता पाच लाखांच्या पुढे गेला असता तर ती सवलत गेली असती, म्हणून बरोबर पाचावर बसवला आहे. मात्र नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर पडत नाही आणि निवृत्तीनंतर तुमचं उत्पन्न त्याच्या निम्म्यावरही जाणार नाही. जो कर तुम्हाला लागणारच नाही, तो वाचवायला पन्नास लाख कशाला अडकवायचे?

मला सर्वात जास्त राग कशाचा आला, तर प्रस्तावाच्या अर्जाचा. वार्षिक उत्पन्नाच्या चौकटीत बारा लाख लिहिलेत, खाली तुमची सही आहे. हे उत्पन्न आठ महिन्यांनी थांबणार आहे, हे समोर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं, कारण तुमचं पगाराचं खातं त्याच शाखेत आहे. दुसरा हप्ता येईल तेव्हा तुम्ही घरी असाल. उरलेले नऊही हप्ते, म्हणजे ४५ लाख, निवृत्तीनंतर भरायचे आहेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५२ लाख. त्यातले ४५ एका पॉलिसीत घालून ६९ व्या वर्षापर्यंत खायचं काय? मी ढोबळ हिशेब केला. सात टक्के व्याज धरलं, महागाई अगदी बेताची धरली, तरी ही सहल, घरखर्च आणि हप्ते भागवता भागवता सहा-सात वर्षांत पुंजी संपते. म्हणजे पॉलिसीतून पहिला रुपया येण्याच्या चार-पाच वर्षं आधी. मधेच हप्ते थांबवलेत तर भरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा जातो.

राहिली दर वर्षीची परदेशवारी. आज दोघांना सात लाख लागतात. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांनी त्याच सहलीला चौदा लाख लागतील. पॉलिसी देणार पाच. त्यात एकाचंही पूर्ण तिकीट निघत नाही.

पॉलिसी परत केल्यावर चित्र असं दिसतं. पीएफ-ग्रॅच्युइटीचे ५२, एफडीचे १६ आणि परत आलेले पाच, एकूण ७३ लाख. सहलीचे सात गेले की ६६. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवा, सध्या ८.२ टक्के मिळतात. साठीच्या आत नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांनाही ती खुली आहे, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवावे लागतात. दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत १५ लाख, ७.४ टक्क्यांनी. या दोन्हींतून वर्षाला साडेतीन लाखांवर येतील, ईपीएफचं सहा-सात हजार पेन्शन वेगळं. उरलेल्या २१ लाखांतून कमी पडेल ते काढायचं, पण त्यातला काही भाग इक्विटीत, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या गुंतवणुकीत हवाच, नाहीतर महागाईपुढे टिकाव लागणार नाही. हात थोडा आखडता ठेवावा लागेल. दर वर्षी परदेश या गणितात बसत नाही. एकदा नक्की बसतं.

दुसरी गोष्ट, जिचा पत्रात उल्लेखच नाही: आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. सौ.ना मधुमेह आहे, तेव्हा नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत कसं जाता येईल, हे एचआरकडे आत्ताच लेखी विचारा. तसं गेलात तर आधीची वर्षं धरली जातात. दोघांना दहा लाखांचं कवच हवं, वर्षाला पन्नास-साठ हजार बाजूला धरा. सहलीचं बुकिंग याच्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. हप्ते नकोत. बिनव्याजी कर्ज अशी चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बजावलं आहे. व्याज कुठे ना कुठे, बुडालेल्या सवलतीत नाहीतर प्रक्रिया शुल्कात, दडलेलं असतं. कंपनीला विचारा, ‘एकरकमी दिले तर किती कमी कराल?’ मग कळेल. पॉलिसीचे पाच लाख परत येतील, त्यात एफडीतले दोन घाला. मोडताना अर्धा-एक टक्का व्याज गेलं तरी रक्कम किरकोळ आहे. सहल कंपनी पैसे घेतानाच टीसीएस नावाचा कर कापेल, तो खर्चात धरू नका, रिटर्न भरून परत मागता येतो. दुपारची जेवणं, टिपा, ऐनवेळच्या जादा सहली यांना सत्तर-ऐंशी हजार मात्र वेगळे ठेवा.

जायचं तर निवृत्तीआधी, एप्रिलमध्ये जा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, नोकरीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा जोडता येतात, आणि हॉलंडच्या कोकेनहॉफमधले ट्यूलिपही तेव्हाच फुललेले असतात. गुडघे साथ देताहेत तोवर दगडी गल्ल्यांतून हिंडून घ्या. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर उंचीवर आहे, तिथे जाण्याआधी सौ.नी डॉक्टरांना विचारावं. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. तेवढ्यावर थांबू नका आणि मधुमेह लपवू नका. चार पैसे वाचवायला तो लपवला तर ऐन वेळी दावा नाकारला जातो. परदेशात कार्ड यंत्रात घातलं की ‘रुपयांत देणार?’ असं विचारतं. नाही म्हणा, युरोच निवडा.