अमेरिकेत बंदूक घेताना ग्राहकाच्या पार्श्वभूमीची तपासणी होतेच, मग आणखी कडक कायदा कशाला?

कारण केंद्रीय कायद्यानुसार तपासणीची सक्ती फक्त परवानाधारक विक्रेत्यांवर आहे. ग्राहक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो, दुकानदार एफबीआयकडे नाव पडताळतो. खासगी व्यक्तीकडून घेतल्यास अनेक राज्यांत हे काहीच लागत नाही.

दुसरी फट मला जास्त घातक वाटते: कामकाजाच्या ३ दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं. २०२२ च्या कायद्याने ही मुदत कामकाजाच्या १० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण फक्त २१ वर्षांखालच्या ग्राहकांसाठी.

विरोधकांना बंदूकमालकांच्या सरकारी यादीची भीती वाटते. तशा केंद्रीय नोंदवहीला मात्र १९८६ पासून कायद्यानेच मनाई आहे.