सरांचं उत्तर का येत नाही?

ऑनलाईन आणि दूरशिक्षणातल्या मार्गदर्शनाबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : कागलच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करत ऑनलाईन एम.कॉम. करतोय. कॉस्टिंगच्या सरांना तीनदा मेल केला, एकदाही उत्तर नाही. फी भरूनही ही तऱ्हा असेल तर काय करायचं? (तिन्ही मेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.)
— एक वाचक, कागल

उत्तर : प्रती जोडल्यात ते बरं झालं. ‘सर, युनिट ३ समजलं नाही, प्लीज गाईड करा’ एवढीच शंका तिन्हींत आहे. याला उत्तर द्यायचं तर सरांना अख्खं युनिट पुन्हा शिकवावं लागेल. मग मेल ‘निवांत बघू’ म्हणून राहतो आणि नव्या मेलखाली गाडला जातो. त्यात नावाखेरीज तुमची काही ओळखही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमावलीत ऑनलाईन अभ्यासक्रमाच्या दर २५० विद्यार्थ्यांमागे एक कोर्स मेंटॉर, म्हणजे विषयातल्या शंका सोडवणारा शिक्षक, धरलेला आहे. एवढ्या गर्दीत तुम्ही कुठल्या सत्राचे, कुठल्या बॅचचे, हे शोधत कोणी बसत नाही.

विषयाच्या ओळीत नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड, युनिट आणि अडलेला मुद्दा लिहा. मजकूर साधारण असा हवा (स्टँडर्ड म्हणजे आधी ठरवलेला, प्राइस व्हेरिअन्स म्हणजे दरातल्या फरकाने बदललेला खर्च) : ‘स्टँडर्ड दर ४० रुपये किलो, प्रत्यक्ष दर ४२. स्टँडर्ड माल ५०० किलो, प्रत्यक्षात घेतला आणि वापरला ५१०. मी दरातला २ रुपयांचा फरक ५०० ने गुणून मटेरियल प्राइस व्हेरिअन्स १,००० रुपये प्रतिकूल काढला. पुस्तकात १,०२० आहे. ५१० ने का गुणायचं?’

याचं उत्तर सर चहा पितापिता मोबाइलवरून देतील : दर वाढल्याचा भुर्दंड प्रत्यक्ष मालावर बसतो, म्हणून ५१०. जादा वापरलेले १० किलो युसेज व्हेरिअन्समध्ये, म्हणजे वापरातल्या फरकात, स्टँडर्ड दराने येतात, ४०० रुपये प्रतिकूल.

एका मेलमध्ये एकच शंका ठेवा. वहीचा फोटो सरळ आणि उजेडात काढलेला हवा. आडव्या फोटोंची पाच-सहा पानं कोणी मान वाकडी करून वाचत नाही. पाच प्राध्यापकांना एकदम मेल टाकला, की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी उत्तर देईल. चार-पाच कामाच्या दिवसांत काही आलं नाही तर त्याच मेलला रिप्लाय करून आठवण द्या. नवा मेल टाकला तर आधीचा धागा तुटतो. तरीही शांतता असेल तर तोच मेल प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरकडे पाठवा.

आणि ज्याचं त्याला विचारा. विषयातली शंका मेंटॉरला, हॉल तिकीट आणि परीक्षेचा फॉर्म परीक्षा विभागाला, लॉगिन होत नसेल तर तांत्रिक मदतीला. तुमच्या तीनपैकी एका मेलमध्ये शंकेखालीच फीच्या पावतीचीही चौकशी आहे. ती सरांच्या हातात नाही.

प्रश्न : गगनबावड्यात पावसाळ्यात नेटवर्क टिकत नाही. लाइव्ह तासाला शंका विचारायला जावं तर आवाजच तुटतो.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : स्लाइड किंवा पीडीएफ आदल्या दिवशी उतरवून घ्या आणि तासाला आपला कॅमेरा व येणारा व्हिडिओ दोन्ही बंद ठेवा. नुसत्या आवाजाला फार कमी डेटा लागतो. शंका तासाआधीच मेलने किंवा चर्चेच्या पानावर टाकून ठेवा, म्हणजे तुमची लाइन तुटली तरी सर तिचं उत्तर रेकॉर्डिंगमध्ये देऊ शकतात. नंतर रेकॉर्डिंगबद्दल विचारताना मिनिट आणि सेकंद लिहा : ‘२४:१० ला दुसऱ्या पायरीत चिन्ह का बदललं?’ ‘मधलं काही कळलं नाही’ या वाक्याचं सरांनी काय करायचं?

प्रश्न : एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाईन शिक्षण उपक्रमाचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतलाय. शिकवणारे प्राध्यापक आयआयटीत. फोरमवर असाइनमेंटचा प्रश्न विचारला, कोणी उत्तर दिलं नाही.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : मुदत संपायच्या आत असाइनमेंटचं उत्तर फोरमवर मिळत नाही, कारण त्याला गुण आहेत. तोच प्रश्न आकडे बदलून, किंवा त्यामागची संकल्पना म्हणून विचारा. कोर्सचे टीचिंग असिस्टंट ते वाचतात. मुदत उलटली की उत्तरं खुली होतात, तेव्हा आपली चूक नेमकी कुठे झाली ते विचारायला हरकत नाही. आधी फोरममध्ये शोधून बघा, कारण तुमची शंका बहुधा आणखी कोणीतरी विचारलेली असते.

बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरून २५ गुण आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० हवेत, म्हणजे एखादा आठवडा हुकला तरी घाबरायचं कारण नाही. कॉलेजात लोकल चॅप्टर (एनपीटीईएलशी जोडलेलं कॉलेजातलं केंद्र) असेल तर तिथल्या समन्वयक शिक्षकांना आत्ताच भेटा. क्रेडिट मार्कशीटवर चढवून घेण्याचं काम कॉलेजातच होतं, आयआयटीतून नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीची गृहिणी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. नाशिकला फोन लावून थकले.

उत्तर : नाशिकला कशाला? अभ्यासातली शंका तुमच्या अभ्यासकेंद्रातल्या समंत्रकांना, म्हणजे तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांना, विचारायची. संपर्कसत्राचं वेळापत्रक केंद्रसंयोजकांकडून घ्या आणि सत्राला जाताना पुस्तकाचा पान क्रमांक लिहून न्या. केंद्राकडूनच दाद लागली नाही तर कोल्हापूरच्या विभागीय केंद्राकडे लेखी द्या.

प्रश्न : प्रोजेक्ट गाईडनी दोन महिने सारांश तपासला नाही. तक्रार करावी का?
— राजारामपुरी

उत्तर : आधी सारांश एका पानाचा करा. त्यात विषय, तीन उद्दिष्टं, नमुना कुठून आणि किती घेणार, हे असू द्या. सोबत होय-नाही उत्तराचे दोन प्रश्न : ‘नमुना ६० दुकानांचा चालेल का? प्रश्नावली मराठीत चालेल का?’ दहा दिवस थांबा, मग विभागप्रमुखांकडे गाईड बदलून मागा. मागणी नुसती ठेवा, गाईडच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको.

तरीही हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. तिथे तारखांचाच उपयोग होतो, म्हणून गाईडना व्हॉट्सअॅपवर निरोप दिलात तरी तेच मेलनेही कळवा. मेल डिलीट करू नका.