चौकशीच्या काळात स्वतःविषयी लिहिताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल आणि सोबतचा मसुदा, दोन्ही सावकाश वाचले. रात्रपाळीतल्या त्या औषधाच्या चुकीवरून जनरल मेडिकल कौन्सिलचं, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी आणि चौकशी करणाऱ्या संस्थेचं, पत्र आल्यापासून तुझी झोप उडाली आहे, हे तू लिहिलं नसतंस तरी मसुद्यावरून कळलं असतं. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात तू माफी मागितली आहेस. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी व्यवहाराचं.

डिफेन्स युनियनला, म्हणजे डॉक्टरांना कायदेशीर मदत देणाऱ्या तुझ्या संस्थेला, अजून फोन केला नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तो कर. हॉस्पिटलचं संरक्षण नुकसानभरपाईच्या दाव्यापुरतं असतं. कौन्सिलसमोर तुझी बाजू मांडायला ते उपयोगी पडत नाही. युनियनच्या वकिलाने वाचल्याशिवाय एक ओळही कुठे पाठवू नकोस. इथल्या मराठी डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच, तिथली मंडळी कितीही जिव्हाळ्याची असली तरी. आणि त्या रात्रीच्या नोंदींना हात लावायचा नाही, 'जरा स्पष्ट करते' म्हणूनसुद्धा नाही. उपचारातली चूक सुधारता येते. नोंदींमध्ये मागाहून फेरफार केल्याचा संशय आला, तर तो पुसणं फार अवघड जातं.

आता मसुदा. त्यात दोन वेगळे कागद एकमेकांत मिसळले आहेत. एक आहे घटनेचं निवेदन: काय घडलं, किती वाजता, तू काय पाहिलंस, कोणाशी बोललीस. ते वकिलाबरोबर बसून, नोंदी समोर ठेवून लिहायचं. दुसरं आहे चिंतन, म्हणजे इथे सगळे ज्याला रिफ्लेक्शन म्हणतात ते. दोन्ही एकत्र केल्यामुळे तुझं निवेदन रडवेलं वाटतं आणि चिंतन बचावाचं.

चिंतन कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं, ते आधी नीट समजून घे. प्रकरण अशा आरोपांची सुनावणी करणाऱ्या मँचेस्टरच्या ट्रिब्युनलपर्यंत गेलंच, तर तिथे तीन टप्पे असतात. आरोपातली कुठली तथ्यं सिद्ध झाली, डॉक्टरची काम करण्याची पात्रता बाधित आहे का, आणि असल्यास कारवाई कोणती. मधला प्रश्न आजचा असतो. त्या रात्री तू कशी होतीस हे पाहतात, पण निर्णय आज तू कशी आहेस यावर होतो. २००८ च्या कोहेन खटल्यापासून तीन गोष्टी तपासल्या जातात: चूक सहज सुधारण्याजोगी आहे का, ती सुधारली आहे का, आणि ती पुन्हा घडण्याची शक्यता अगदी कमी आहे का. लोकांचा या व्यवसायावरचा विश्वास हा मुद्दा वेगळा असतोच. २०११ च्या ग्रँट खटल्यात न्यायालयाने त्यावर पुन्हा जोर दिला. ट्रिब्युनलच्या आधीच, प्रकरण पुढे पाठवायचं की नाही हे ठरवणाऱ्या केस एक्झामिनरसमोर, बरीच प्रकरणं मिटतात, आणि तेही साधारण हेच शोधत असतात. म्हणून चिंतन शेवटच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही. चौकशीअंती नियम ७ चं, म्हणजे आरोप कळवून तुझं उत्तर मागणारं, पत्र आलं की उत्तराला २८ दिवस मिळतात. एवढ्यात माणूस बदलल्याचा पुरावा उभा राहत नाही.

तुझं एक वाक्य घेतो. 'झालेल्या प्रकाराबद्दल मला अतीव दुःख आहे आणि यापुढे मी अधिक काळजी घेईन.' यातला शब्दन् शब्द खरा असेल, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. काळजी कशाची, कधी, कशी?

फोनवर तू मला जे सांगितलंस ते याहून कितीतरी चांगलं होतं. त्या पेशंट आजींना वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, चालू होतं. त्याचा तक्ता वेगळा, पलंगाच्या पायथ्याशी लावलेला. रात्री दोन वाजता तुझ्या हातात मुख्य तक्ता होता, डोक्यात ताप आणि घसरणारा ऑक्सिजन. तू क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलंस आणि दुसरा तक्ता उघडलाच नाहीस. क्लॅरिथ्रोमायसिनने वॉरफरिनचा परिणाम वाढतो हे तुला पाठ होतं. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. घाईत, एकच कागद समोर असताना, दुसरा कागद असू शकतो हे डोक्यातून निसटलं. सकाळच्या हँडओव्हरमध्येही, पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना, 'आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर परत बघा' हे सांगायचं राहिलं. हे सगळं असंच लिही. मग पुढचं वाक्य आपोआप नेमकं होतं: आता नवं औषध लिहिण्याआधी मी सगळे तक्ते एकत्र हातात घेते, आणि वॉरफरिनवरच्या पेशंटला अँटिबायोटिक सुरू केलं तर आयएनआरची पुढची तारीख त्याच वेळी लिहून हँडओव्हरच्या यादीत टाकते. ही सवय तुझा सुपरव्हायझर पाहू शकतो आणि त्याबद्दल लेखी देऊ शकतो. जमलं तर वॉर्डवर याच गोष्टीचं छोटं ऑडिट कर. ऑनलाइन कोर्सची पाच प्रमाणपत्रं एका संध्याकाळी गोळा करण्यापेक्षा त्याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

आपल्याकडे शिकून आलेल्यांची एक अडचण मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. एमबीबीएसला आपल्याला असं लिहायला कोणी शिकवलं नाही. तोंडी परीक्षेत उत्तर यायचं किंवा यायचं नाही, आणि वॉर्डात सर रागावले की मान खाली घालून 'सॉरी सर' म्हणायचं, विषय संपला. त्या संस्कारातून इथे दोन टोकं दिसतात: एक तर सरसकट लोटांगण, नाहीतर ओळीओळीला सबबी. मोकळेपणाने 'माझ्या मनात तेव्हा हे चाललं होतं' असं वरिष्ठांना सांगायची सवयच नसते. गिब्जच्या चक्रासारखी, अनुभवावर टप्प्याटप्प्याने विचार करायला लावणारी चौकट सुरुवातीला आधार म्हणून जरूर वापर, पण भावनांच्या रकान्यात अडकू नकोस. तुझ्या मसुद्यात तुझ्या मनःस्थितीवर दीड पान आहे. आजींना रक्तस्राव झाला, त्यांच्या मुलीने तो पाहिला, यावर दोन ओळी. हे प्रमाण उलट व्हायला हवं.

रात्री दोन वॉर्डांना तू एकटीच होतीस, हे लिहायचं की नाही असं विचारलं आहेस. अवश्य लिही, कारण ते सत्य आहे. एकदाच, आकड्यांसह, तक्रारीचा सूर न लावता. आणि लगेच हेही लिही की अशा रात्री रजिस्ट्रारला, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरला, कधी फोन करायचा, याबद्दल तू आता काय ठरवलं आहेस.

नातेवाइकांशी उद्धट बोललीस हा आरोप तुला मान्य नाही. मग तो मान्य करू नकोस. 'सगळं कबूल केलं तर लवकर सुटशील' असं कोणी सांगेल, ऐकू नकोस. आरोप नाकारला म्हणजे चुकीची जाणीव नाही, असं सरळ समीकरण मांडता येत नाही; २०२२ च्या सवाती खटल्यात उच्च न्यायालयाने यावर तपशीलवार लिहिलं आहे. न घडलेली गोष्ट कबूल न करताही, मध्यरात्री घाबरलेल्या मुलीला डॉक्टरचं तुटक बोलणं कसं वाटू शकतं, यावर तू मनापासून लिहू शकतेस.

लिहिलेलं आपल्याविरुद्ध वापरतील, ही भीती बावा-गर्बा प्रकरणापासून इथल्या ज्युनिअर डॉक्टरांच्या मनात बसली आहे. एका मुलाच्या मृत्यूप्रकरणी फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्या डॉ. हदीझा बावा-गर्बा यांचं नाव जानेवारी २०१८ मध्ये डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मधल्या काळात त्यांच्या पोर्टफोलिओमुळेच, म्हणजे प्रशिक्षणाच्या वहीतल्या चिंतनाच्या नोंदींमुळेच, त्यांना शिक्षा झाली असं पसरलं. फौजदारी खटल्यात तो पोर्टफोलिओ ज्युरीपुढे पुरावा म्हणून आलेला नव्हता. त्याच वर्षीच्या मार्गदर्शनात कौन्सिलने स्पष्ट केलं की चौकशीसाठी ते डॉक्टरकडे अशा नोंदी मागत नाहीत. डॉक्टरला स्वतःहून द्यायच्या असतील तर देता येतात. मात्र न्यायालय त्या मागू शकतं, हे विसरू नकोस. म्हणून पेशंटची ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही. तू नाव काढलंस, पण तारीख आणि बेड नंबर राहिले आहेत. तेही काढ.

एआयकडून लिहून घेऊ का, असं तू चाचरत विचारलं आहेस. नको. इंग्रजीच्या चुका राहू देत. उलटतपासणीत त्याच कागदावरून प्रश्न येतील, तेव्हा प्रत्येक वाक्य तुझं असलं पाहिजे. आधी मराठीत लिहून काढ, हवं तर. मग इंग्रजीत पुन्हा लिही.

बीएमएची, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या संघटनेची, डॉक्टर सपोर्ट सर्व्हिस मोफत आहे, गोपनीय आहे, आणि तिच्यासाठी सभासदत्व लागत नाही. फोन कर. घरीही सांग. नाशिकला आईला काळजी वाटेल, ती 'लायसन्स गेलं का गं?' असंच विचारेल, आणि तुला सांगता येईल की नाही, गेलेलं नाही, चौकशी चालू आहे. हे ओझं घेऊन रोज रात्री व्हिडिओ कॉलवर हसत बसणं तुला झेपणारं नाही.

पुढचा मसुदा आधी वकिलाकडे जाऊ दे. त्यांनी दाखवायला हरकत नाही म्हटलं, तर रविवारी दुपारी फोन कर. आपण एकेक वाक्य वाचू.

तुझा,
सर